पट्ट्याच्या एका टोकाला आपण, समोर झाड : नाशिककरांचे अनुभव

पहाटे कुत्र्याला फिरवायला नेणाऱ्या आमच्या ओळखीतल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये कुत्र्यापेक्षा झाडांचीच छायाचित्रे अधिक निघाली, म्हणून हे अनुभव मागवत आहे. झाड कोणते, ते कुठे आहे आणि ते टिपताना पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, एवढे अवश्य लिहावे. सुरुवात मीच करतो.

गंगापूर रस्ता
सोमेश्वरच्या अलीकडे गोदावरीकाठी एक उंबर आहे आणि आमचा मोती त्याच्या बुंध्याशी रोज तीन-चार मिनिटे हुंगत थांबतो. सुरुवातीला मी त्याला ओढत असे. नंतर तेवढ्याच वेळात एक छायाचित्र घ्यायचे ठरवले, आणि आता त्याच जागेवरून घेतलेली दोन वर्षांची छायाचित्रे जमली आहेत. ती ओळीने पाहिली की थेट खोडावर लगडलेली फळे, पावसात काळे पडलेले खोड आणि फांद्यांवर फुटलेली नवी पालवी असा सगळा क्रम दिसतो. झाड उंच असल्याने मी मोबाइल वर कलवत असे आणि खोड मागे रेलल्यासारखे येत असे. मागे सरकून मोबाइल उभा, सरळ धरला की ते सावरते. पण मागे सरकायला मोतीची संमती लागते, आणि ती हुंगून झाल्याशिवाय मिळत नाही.

पाथर्डी फाटा
पांडवलेणी ज्या त्रिरश्मी डोंगरात आहेत, त्याच्या पायथ्याशी आम्ही फिरतो. लेण्यांची तोंडे उत्तरेकडे आहेत, म्हणजे आमच्या बाजूचा उतारही उत्तरेचाच. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी त्या उतारावरची झाडे सावलीत असतात, आणि मागे उजळलेले आकाश आले की मोबाइल त्यांना निव्वळ काळे करून टाकतो. मी बरेच दिवस मोबाइललाच दोष देत होतो. मेअखेरीस सूर्य पूर्वेपासून बराच उत्तरेकडे सरकून उगवतो, तेव्हा मात्र त्याच उतारावर सकाळी तिरपा प्रकाश येतो आणि प्रत्येक झाड वेगळे उठून दिसते. आमच्या गावठी कुत्रीला ऊन चढायच्या आत घरी परतायचे असल्याने ती वेळ आपोआपच साधली जाते. हिवाळ्यात मी आता आकाशावर बोट टेकवून प्रकाश तेथून मोजू देतो आणि निष्पर्ण फांद्यांची काळी रेखाकृतीच घेतो.

मखमलाबाद
माझा अनुभव छायाचित्राचा कमी आणि धास्तीचा अधिक आहे. द्राक्षबागेच्या बांधावरची बाभूळ मागच्या उन्हाने सोनेरी दिसत होती, म्हणून पट्टा पायाखाली दाबून मी दोन्ही हातांनी मोबाइल धरला, आणि तेवढ्यात आमच्या लॅब्राडॉरने खाली पडलेल्या मण्यांवर तोंड मारले. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, आणि किती खाल्ली म्हणजे अपाय होईल हे आधी सांगता येत नाही, असे पशुवैद्यांनी बजावले. आम्ही लगेच गेलो म्हणून निभावले. हंगामात बागेजवळ पट्टा आखूड धरावा. द्राक्षाच्या गावात राहून हे मला ठाऊक नव्हते, याची लाज वाटते. बाभळीचे छायाचित्र हलले आहे.

पंचवटी
ज्या भागाला पाच वडांवरून नाव मिळाले, तेथे वडाचे छायाचित्र घेणे सोपे असेल असे वाटेल; तसे ते नाही, कारण पारंब्यांचा पसारा चौकटीत बसला तरी त्याची भव्यता कळत नाही. मी आमच्या बंड्याला पारंब्यांमध्ये बसवले आणि प्रथमच तो वड खरोखर मोठा दिसला. तो जांभई देत होता, हे चालवून घेतले.

त्र्यंबक रस्ता
पळसाला पाने तीनच म्हणतात, पण अंजनेरीच्या बाजूला फाल्गुनात तेवढीही नसतात. नुसती केशरी फुले. कुत्र्याला लाल-हिरवा भेद आपल्यासारखा दिसत नाही, निळा आणि पिवळा मात्र दिसतो, असे वाचले तेव्हा वाटले की ज्या रंगासाठी मी थबकतो, तो याला मातकटच दिसत असणार. तो मात्र शांतपणे झाडाखालच्या गळलेल्या फुलांमध्ये लोळतो, आणि आजवरचे माझे सर्वांत चांगले छायाचित्र तेच आहे : वरचा पळस अर्धा कापला गेला आहे.