दुकानदार ‘नायजर ट्रिगर’ मासा म्हणतोय, तो नक्की कोणता? रीफ टँकमध्ये (खाऱ्या पाण्याची, प्रवाळ म्हणजे कोरल असलेली टाकी) चालेल का?

गंगापूररोड_रीफ:
टँक ४×२×२ फूट, साधारण ४५० लिटर. आत लेदर कोरल, झोअँथस (हेही कोरलच), दोन क्लीनर श्रिम्प (कोळंबी) आणि टर्बो गोगलगायी. दुकानदार मुंबईहून मागवून देतो म्हणतो. फोटोतला मासा काळाभोर, परांच्या मुळाशी रेघ. घेऊ का?

खारंपाणी:
‘नायजर’ या एका नावावर दोन मासे खपतात. ओडोनस नायजर निळा-जांभळा, शेपटीची टोकं लांब, दात लाल. मेलिक्थिस नायजर काळा, वरच्या-खालच्या परांच्या मुळाशी फिकट निळसर रेघ. रेघ पांढरी, शेपटी गोलसर आणि तिला पांढरी कड असेल तर तो मेलिक्थिस इंडिकस. अंगाच्या रंगावर जाऊ नका, घाबरला की तो बदलतो. शेपटी बघा.

गंगापूररोड_रीफ:
शेपटी गोल, कड पांढरी.

खारंपाणी:
मग इंडिकस. २५ सेंमीच्या आसपास वाढतो. कोरलला सहसा तोंड लावत नाही, श्रिम्पची हमी मात्र कोणी देत असेल तर ती मानू नका. कात टाकल्यावर श्रिम्प मऊ पडतो, तेव्हाच घात होतो. मासा ८-१० सेंमीचाच घ्या, श्रिम्प आधीपासून टँकमध्ये आहेत हे बरं. श्रिम्प जपायचेच असतील तर ब्लूथ्रोट ट्रिगर बघा: तो पाण्यात तरंगणारे जीव टिपतो. नराचा गळा निळा, मादीचा नसतो. पिकासो, क्लाऊन, अंड्युलेटेड या ट्रिगरचं नावच काढू नका.

डबा_जाळी_नको:
आणताना दोन गोष्टी. जाळीने पकडू नका. हा पाठीचा पहिला काटा उभा करतो आणि दुसऱ्या काट्याने त्याला खिट्टी घालतो (ट्रिगर हे नाव त्यावरूनच), मग तो जाळीत रुततो. प्लास्टिकच्या डब्यात घ्या.

दुसरं, मुंबईहून येईपर्यंत पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे माशाच्या उत्सर्जनातला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघड्या पिशवीत तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. दुकानातल्या पाण्याची घनता (खारेपणा) आधी विचारा, क्वारंटाइन टाकीत (नवा मासा आधी वेगळा ठेवायची टाकी) ती तेवढीच ठेवा. बंद पिशवी २० मिनिटं तरंगवा, मग मासा लगेच टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी ओतून द्या. तिथे ४ आठवडे.

टँकवर जाळीचं झाकण हवंच, उडी मारतात. आणि चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) नसेल तर नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये आणू नका, पाऊस सुरू होऊ द्या. पैसे देण्याआधी मासा खातानाचा व्हिडिओ मागवा.