बी विंगमधल्या मुंग्या : शनिवारची फवारणी नको

बी-३०२ वहिनी: सेक्रेटरीसाहेब, परत तेच. तुपाचं भांडं उघडलं तर वर पिवळ्या बारीक मुंग्यांचा थर. तुमचा पेस्ट कंट्रोलवाला फवारून गेला आणि ओट्यावरच्या मुंग्या आता देवघरात, बाथरूममध्येही निघाल्यात. मेंटेनन्स वेळेवर भरतो आम्ही.

सेक्रेटरी, ए-१०४: नमस्कार वहिनी. तक्रार नोंदवली. माणूस 'माझा' नाही, सोसायटीचा आहे. शनिवारी परत बोलावलाय, जास्त कडक औषध मारायला सांगतो.

सी-२०३ नाना: हळद टाका. रांग मोडते.

बी-२०५ ताई: साहेब, कृपा करून फवारणी नको. वहिनींनी मला मुंगी दाखवली. जेमतेम २ मिलिमीटर, फिकट पिवळी, पोटाचं टोक काळसर. ही फॅरो मुंगी. हिच्या वसाहतीत एक नाही, अनेक राण्या असतात. औषधाचा वास लागला की कामकरी मुंग्या अंडी, अळ्या उचलतात आणि दुसऱ्या फटीत बिऱ्हाड थाटतात. एका वसाहतीच्या तीन-चार होतात. देवघरात त्या अशाच पोचल्या.

बी-४०१: आमच्या स्विचबोर्डातून रांग येते.

बी-२०५ ताई: वायरिंगच्या पाइपातूनच मजले चढतात त्या. म्हणून एकट्या ३०२ ने काही करून भागणार नाही.

बी-५०१: आमच्याकडे काळे मुंगळे आहेत, रात्री खिडकीतून येतात.

बी-२०५ ताई: मुंगळ्यांचं घर बाहेर, झाडाच्या बुंध्याशी मातीत. खिडकीची फट बुजवा, खरकटं रात्री ठेवू नका. बास.

बी-५०१: फट बुजवायची तर बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग आधी होऊ दे. किती एजीएम झाल्या?

सेक्रेटरी: तो विषय इथे नको.

ए-३०३: मुंगळे येणारच. ताम्हणाच्या झाडाखाली रोज साखर-रवा कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत आहे.

ए-००२ आजोबा: मी टाकतो. चोरून नाही टाकत. आमच्या आईने जन्मभर टाकली, मुंगीच्या मुठीने कुणाचं घर बुडालं नाही. ३०३ ने आधी आपली गाडी पट्ट्याच्या आत लावावी.

ए-३०३: आजोबा, वयाचा मान ठेवून गप्प बसतो.

बी-२०५ ताई: आजोबांच्या साखरेचा इथे काही संबंध नाही. पिवळ्या मुंग्या भिंतीच्या आत आहेत. पुन्हा सांगते, फवारणी नको.

सी-१०१: अनेक राण्या म्हणताय तर प्रत्येकीकडून मेंटेनन्स घ्या 😂

बी-३०२ वहिनी: हसा. तूप माझं गेलंय. ताई, मग करायचं काय?

बी-२०५ ताई: आपण कॅरमवर टाकायचो ती बोरिक पावडर, केमिस्टकडे मिळते. अर्धा लिटर साखरेच्या पाण्यात सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास. कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात, रांगेच्या कडेला ठेवा. पावडर वाढवू नका, मुंगी वाटेतच मरते. तिने ते पोटात घेऊन घरी जाऊन राण्यांना, अळ्यांना भरवायला हवं. पहिल्या दिवशी झाकणाभोवती झुंबड उडेल, तेव्हा पुसू नका, फिनेल मारू नका, खडू ओढू नका. बोळा सुकला की बदला. काही आठवडे लागतात. साखरेला तोंड लावलं नाही तर शेंगदाण्याच्या कुटात तेवढ्याच प्रमाणात कालवा.

सी-२०३ नाना: हळदीने रांग मोडते.

बी-४०१: नाना, मोडते आणि दुसरीकडून सुरू होते.

बी-१०२: आमचं बाळ रांगतंय. झाकण कुठे ठेवू?

बी-२०५ ताई: उघडं अजिबात नको. छिद्रं पाडलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत घालून हात पोचणार नाही अशा उंचीवर, औषधाच्या नावाची चिठ्ठी लावून. मांजरवाल्यांनीही तसंच.

सेक्रेटरी: शनिवारच्या माणसाला ॲडव्हान्स दिलाय.

बी-२०५ ताई: तो गटारी आणि चेंबरसाठी वापरा. बी विंगच्या घरांत फवारणी नको. तिसऱ्यांदा लिहितेय.

बी-४०२: यातच विचारतो. काल पावसानंतर ट्यूबलाइटखाली पंखवाल्या मुंग्यांचा सडा पडला होता. फोटो बघा.

बी-२०५ ताई: मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. यांची कंबर सरळ, चारी पंख सारखे. दादा, ही वाळवी आहे. पंख घरातच गळलेत, तेव्हा दाराच्या चौकटी खालपासून ठोकून बघा.

सी-१०१: एकावर एक फ्री.

सेक्रेटरी: कृपया विनोद थांबवा.

बी-४०२: ठोकली. बाथरूमची चौकट वीतभर पोकळ वाजतेय, नखाने रंग खरवडला तर आत ओली माती. सेक्रेटरीसाहेब, वर येता का?