भाड्याच्या घराच्या भिंतीवरची वेल काढायची आहे, डाग जात नाहीत (तातडीची मदत हवी)

भाडेकरू_पुणे
नमस्कार. घर सोडताना मालकांना बाहेरची भिंत 'होती तशी' करून हवी आहे. भिंतीवर वेल पसरली आहे. ओढली की थोडा रंग निघतो आणि खाली तपकिरी रेषा राहतात, त्या पाण्याने जात नाहीत. 31 मेला चावी द्यायची आहे, डिपॉझिट त्यावर अडकलंय. काय लावलं की हे डाग जातील? नेमकं सांगा, वेळ कमी आहे.

परसबाग
वेल कोणती ते लिहिलंच नाही. मधुमालती, बोगनवेल, जुई या भिंतीला चिकटत नाहीत. त्यांना तार किंवा जाळी लागते. आधार कापला की झालं. डाग सोडणारी बहुधा फायकस पुमिला. पान मोडल्यावर पांढरा चीक येतो का? पानं नखाएवढी आणि भिंतीला सपाट आहेत, की बाहेर आलेल्या फांद्यांवर मोठी, जाड पानंही दिसतात?

ब्रश_आणि_रोलर
भिंत कसली तेही सांगा. रंगावर तळहात घासून बघा. पावडर लागली तर सिमेंट पेंट, नाही लागली तर इमल्शन. दोन्हींचे उपाय वेगळे.

हार्डवेअर_गल्ली
इतका खल कशाला? संडास साफ करायचं ॲसिड पाण्यात घालून ब्रशने लावा. डाग फसफसून निघतात, तासाभराचं काम.

सिव्हिल_सातारा
ॲसिड अजिबात लावू नका. जे फसफसतं ते प्लास्टरमधलं सिमेंट असतं. डाग जातो कारण त्याच्याखालचा थर विरघळतो. मागे भुसभुशीत, वाळू सुटणारी भिंत उरते आणि तिच्यावर कुठलाच रंग टिकत नाही. शिवाय शेवाळ काढायला आधी ब्लीच मारलेलं असेल तर त्यावर ॲसिड पडून क्लोरीन वायू सुटतो. श्वासाला तो घातक आहे.

भाडेकरू_पुणे
चीक येतो. पानं नखाएवढीच, मोठी नाहीत. भिंत प्लास्टरची, हात घासला तर पावडर लागत नाही. तळमजला. अजून काय हवं?

परसबाग
मग फायकस पुमिलाच. तिच्या खोडाला बारीक मुळं फुटतात, त्यातून चिकट द्रव येतो आणि तो वाळून रंगावर बसतो. तपकिरी रेषा म्हणजे ही मुळंच, रंगाचा डाग नव्हे. म्हणून धुऊन जात नाहीत, खरवडावीच लागतात.

पद्धत अशी: बुंध्याजवळ खोड दोन ठिकाणी कापा, मधला फूटभर तुकडा काढून टाका. दोन-तीन आठवडे तशीच ठेवा. वेल वाळली की आपोआप सैल होते.

सिव्हिल_सातारा
इथे माझा ठाम विरोध. पानं वाळून गळतील, पण मुळं वाळली की लाकडासारखी कडक होतात आणि मग पट्टीनेही निघत नाहीत. पुमिला हिरवी असतानाच काढावी, आणि ज्या दिवशी काढली त्याच दिवशी मुळं घासावीत. मुळं ओली असतानाच नायलॉनच्या ब्रशने सुटतात.

परसबाग
हिरवी ओढली तर प्लास्टरचे पापुद्रे सोबत येतात, हेही लिहा.

सिव्हिल_सातारा
ओढली तर येणारच. ओढायची नाही, सोलायची. कात्रीने किंवा कटरने फूटभर रुंदीचे उभे पट्टे पाडा. वरच्या टोकापासून सुरुवात करून पट्टा भिंतीला लगटून खाली आणा, सरळ आपल्या अंगावर खेचू नका. अडला की पुट्टीची पट्टी मागे सरकवा. आधी हाताच्या पेरांनी भिंत ठोकून बघा. जिथे पोकळ, भदभद आवाज येतो तिथलं प्लास्टर विटेपासून सुटलेलं आहे. तिथे पट्टा सोलू नका, नुसता कापून घ्या, कारण तो भाग पुन्हा प्लास्टर करावाच लागेल.

परसबाग यांची पद्धत वर्षभर हाताशी असेल तर चालेल. इथे महिनाही नाही.

ब्रश_आणि_रोलर
सिव्हिलशी सहमत. तारेचा ब्रश मात्र वापरू नका. इमल्शन फाडतो आणि तुटलेल्या तारा प्लास्टरमध्ये अडकून पहिल्या पावसात गंजाचे ठिपके उमटतात. प्रेशर वॉशरही नको, सुटलेल्या प्लास्टरमागे पाणी शिरतं.

निसर्गवेडी
पश्चिमेची भिंत असेल तर वेल ठेवणंच शहाणपणाचं आहे. दुपारचं ऊन भिंतीवर थेट पडत नाही, आतली खोली गार राहते. मालकांना हे समजावून सांगा. भिंतीत ओल येते म्हणतात ते चूक आहे, उलट पानं पाऊस अडवतात.

सिव्हिल_सातारा
प्लास्टर अखंड असेल तर तुमचं बरोबर. भेग असेल तर पुमिलाची मुळं तिच्यात शिरतात, जाड होतात, भेग रुंदावते आणि पाणी आत जातं. आणि इथे ठेवायची की नाही हा प्रश्नच नाही, मालकाला ती नको आहे.

भाडेकरू_पुणे
धन्यवाद. ठेवायची नाहीये. पण बुंधा कापा म्हणताय, तो माझ्या बाजूला नाही. मूळ शेजारच्या बंगल्यात आहे, कंपाउंडवरून वेल इकडे आली. मी राहायला यायच्या आधीपासून होती.

करारनामा
हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. वेल तुम्ही लावली नाही, मूळ तुमच्या आवारात नाही, मग पूर्ण खर्च तुमच्यावर कसा? लिव्ह अँड लायसन्सचा करार काढा आणि देखभालीचं कलम वाचा. ताबा घेतानाचे फोटो आहेत का? त्यात वेल दिसत असेल तर मालकांना आजच लिखित पाठवा, व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हींवर. करार लेखी आणि नोंदणीकृत आहे का तेही बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदलेला नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. काही सोलण्याआधी आजच्या स्थितीचे फोटोही काढून ठेवा.

भाडेकरू_पुणे
फोटो आहेत, त्यात वेल आहे पण अर्ध्या भिंतीवर. बाकीची माझ्या काळात वाढली. वाद घालायचा नाहीये, निम्मा खर्च मी देतो म्हटलंय. भिंत 14 फूट रुंद, 10 फूट उंच. पुढचं सांगा.

फवारणी
शेजारी मूळ असेल तर कापलेल्या टोकांना ग्लायफोसेट हे तणनाशक लावा, आतपर्यंत जातं आणि वेल कायमची मरते.

परसबाग
दुसऱ्याच्या आवारातलं झाड त्याला न विचारता मारणं होईल हे. आणि ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली होती. कंपाउंडच्या माथ्यावर वेल कापा, आपल्या बाजूला फूटभर पट्टा मोकळा ठेवा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. पुढे ती परत येणार. दर दोन महिन्यांनी कापायची हे मालकांना कळवून टाका.

वास्तू_आणि_वृक्ष
भिंतीत पिंपळ उगवला असेल तर दोन-चार पानांचा असतानाच मुळासकट उपटावा. मोठा झाला तर छिन्नीने भेग उघडून मूळ पूर्ण काढावं लागतं. नुसता वरून कापला की दुप्पट जोमाने येतो.

ब्रश_आणि_रोलर
माहिती बरोबर, पण इथे पिंपळ नाही.

आता भाडेकरू यांच्यासाठी क्रम. 14 × 10 म्हणजे 140 चौरस फूट. सोलण्याआधी वेलीत हात घालून वायर, एसीचा तांब्याचा पाइप, केबल कुठून जाते ते शोधा. कात्रीने वायर तुटणं हा सगळ्यात मोठा धोका, त्या भागाचा वीजपुरवठा बंद करूनच कापा. बुलबुलाचं घरटं किंवा गांधीलमाश्यांचं पोळं आहे का तेही बघा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा हवाच. चीक कातडीला लागून ऊन लागलं तर काहींना पुरळ उठतं.

सोललं की त्याच संध्याकाळी भिंत ओली करून नायलॉन ब्रशने घासा. हट्टी मुळं पुट्टीच्या पट्टीने. वाळल्यावर 80 नंबरचा पॉलिशपेपर, मग 120. काळं शेवाळ असेल तर एक भाग घरगुती ब्लीच, चार भाग पाणी, 15-20 मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा. नंतर दोन-तीन दिवस कडक वाळू द्या.

भेगा: बारीक असेल तर बाहेरच्या भिंतीसाठीचा क्रॅक फिलर. जिथे प्लास्टर निघालं तिथे एक भाग सिमेंट, चार भाग वाळू, पाण्यात बाँडिंग लिक्विड. नुसती वॉल पुट्टी भरू नका, ती दोन हातात (म्हणजे दोन थरांत) मिळून जेमतेम दीड मिलिमीटरसाठी असते. जाड थर तडकतो. मेच्या उन्हात या पॅचला सात दिवस, दिवसातून तीनदा पाणी.

भाडेकरू_पुणे
फक्त डागांवर रंग मारला तर चालेल ना? पूर्ण भिंत कशाला?

ब्रश_आणि_रोलर
चालणार नाही. जुना रंग उन्हाने फिका पडलाय, नवा ठिगळासारखा दिसतो. ही एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घ्या. कोपऱ्यावर शेड बदलली तर डोळ्यांना कळत नाही. छज्जाखालून एक इंची पापुद्रा काढून दुकानात द्या, मशीनवर शेड जुळवून देतात. एक हात एक्स्टिरियर प्रायमर, दोन हात एक्स्टिरियर इमल्शन, दोन हातांमध्ये चार ते सहा तास. इमल्शन दोन हातांना लिटरला साधारण 50-60 चौरस फूट जातं, म्हणजे अडीच ते तीन लिटर. एक-एक लिटरचे तीन डबे घ्या, पण एकाच वेळी टिंट करून (म्हणजे मशीनवर शेड मिसळून). वेगळ्या दिवशीच्या टिंटमध्ये फरक पडू शकतो.

सिव्हिल_सातारा
पॅच केलेल्या जागी खरं तर 28 दिवस थांबून रंग द्यायला हवा. इतका वेळ नाही, तर प्रायमर अल्कली (नव्या सिमेंटमधला क्षार) सहन करणारा घ्या आणि 'नवीन प्लास्टरवर रंग फुगून सुटू शकतो' हे मालकांना लेखी कळवा. रंग 28 मेच्या आत संपवा, वळवाची सर आली तर ओल्या भिंतीवर हात देऊ नका.

भाडेकरू_पुणे
शेजाऱ्यांशी बोलणं झालं, कंपाउंडवर कापायला हरकत नाही म्हणाले. शनिवारी सोलतोय. एका ठिकाणी दोन फुटांवर पोकळ आवाज येतो, तिथे मिस्त्रीलाच बोलवावं ना?

सिव्हिल_सातारा
हो. सुटलेलं प्लास्टर चौकोनी कापून विटेपर्यंत उघडायला सांगा, कडा आतल्या बाजूने तिरक्या. वीट ओली करून मगच नवीन माल भरायचा, कोरड्या विटेवर भरला तर ती पाणी शोषते आणि पॅच पुन्हा सुटतो.