नाला खोल करावा की आधी टेकडी हाती घ्यावी?

बरडावरचा (दारव्हा तालुका)
राम राम मंडळी. आमचा नाला अडाण नदीला मिळतो आणि अडाण पैनगंगेला. जुलैत एखादा जोराचा पाऊस झाला की नाला गढूळ पाण्यानं फुगतो, माझ्या वावराचा धुरा फोडून पऱ्हाटीतून निघून जातो. डिसेंबर सरता सरता विहीर मात्र हरभऱ्याला दुसरं पाणी द्यायलाही पुरत नाही. आता ग्रामसभेत नाला खोलीकरणाचा ठराव येऊन राहिला. पोकलेन लावून 5-6 मीटर खोल करायचा म्हणतात. बाबा म्हणतात, पाणी वरून येते तर आधी वर पाहा. वर साधारण 40 हेक्टर ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीची टेकडी आहे, पार बोडकी, नुसती कुसळी. कोणाचं खरं धरावं?

मुरूमपारखी
बाबांचं धरा. मी कृषी खात्यात मृद्‌संधारणाच्या कामावर 31 वर्षं होतो, आयुष्य टेकड्या चढण्यात गेलं.

आधी हिशेब करा. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस पडला म्हणजे 10 हजार लिटर पाणी. तुमच्या 40 हेक्टरवर एका दुपारी 50 मिमी पडला तर 2 कोटी लिटर. त्यातलं बोडक्या उतारावरून जे सुटतं ते एकदम नाल्यात येतं आणि सोबत माती आणतं. धुरा फुटणारच.

आता वर समपातळी चर घ्या, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीच्या रेषेवर खोदलेले चर, 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल. 1 मीटर लांबीत 180 लिटर पाणी मावतं. हेक्टरी 1000 मीटर चर झाला तर 1 लाख 80 हजार लिटर, म्हणजे 18 मिमी पाऊस जिथल्या तिथं थांबला. ते मुरलं की पुढच्या सरीला चर पुन्हा रिकामा. ओघळींना अनगड दगडी बांध, म्हणजे नुसते दगड रचून केलेले बांध घाला, चराच्या मातीवर मारवेल, पवना ही गवतं लावा. मग शेतांची बांधबंदिस्ती, आणि नाला सर्वांत शेवटी. माथा ते पायथा.

नोकरीच्या सुरुवातीला एका गावात आम्ही हे उलटं केलं. उद्दिष्ट पूर्ण करायची घाई होती, म्हणून वर काहीच न करता खाली सिमेंट बांध बांधला. दोन पावसाळ्यांत तो गाळानं काठोकाठ भरला. तो गाळ म्हणजे वरच्या शेतकऱ्यांची माती. त्यांच्यातल्या एकानं मला तिथं उभं करून विचारलं, "साहेब, हे माझंच वावर आहे ना?" आजही ते आठवलं की बरं वाटत नाही.

खोलीकरणाबद्दल खास सांगतो. आपल्याकडे खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम. तुमच्या विहिरीचं पाणी त्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. नाल्याचा तळ विहिरीतल्या पाण्याच्या पातळीखाली गेला तर आजूबाजूच्या मुरमातलं पाणी नाल्यात झिरपून वाहून जाईल. पाणी मुरवायला निघालात आणि विहिरीच उपसल्या, असं होईल. गाळ काढा, त्याला माझी ना नाही. मुरूम फोडू देऊ नका.

खारपाणपट्टा
काकांचं पटलं, पण प्रत्येक ठिकाणी मुरवणं हाच उपाय नसतो. आम्ही पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूरकडे. इथं काळी माती खूप खोल आणि भूगर्भातलं पाणीच खारं. मुरलेलं गोड पाणी पुन्हा वर काढायची सोय नाही, म्हणून आम्ही शेततळ्यात वरच्या वर साठवतो आणि रुंद वरंबा-सरीवर पेरतो. तेव्हा भाऊ, आधी गावातल्या पाच-सहा विहिरींचं पाणी तपासून घ्या.

बरडावरचा
पाणी गोड आहे दादा, तेवढं नशीब. अडचण दुसरीच आहे. ई-क्लासवर गावाची गुरं चरतात. चर खोदले तर चराई बंद करा म्हणतील, आणि ज्यांच्याकडे वावर नाही, फक्त चार-पाच शेळ्या आहेत, ते कुठं जातील? फायदा आम्हा खालच्या विहिरीवाल्यांना.

मुरूमपारखी
हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा आनंद झाला. कामं बहुतेक इथंच मोडतात. सगळी टेकडी एकदम बंद करू नका. तीन भाग पाडा, एका वेळी एकच भाग राखा. राखलेल्या भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क शेळ्या-गाईवाल्या भूमिहीनांना द्या आणि तो ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. चर खोदायची मजुरीही आधी त्यांनाच. दुसऱ्या वर्षी कुसळीच्या जागी चांगलं गवत दिसायला लागतं, मग तेच लोक राखण करतात.

आणि आजपासून दर महिन्याच्या 1 तारखेला दोरी सोडून विहिरीची पाणीपातळी वहीत लिहा. नुसत्या तोंडी सांगण्यावर ग्रामसभा हलत नाही.

बरडावरचा
ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवायला सांगतो. समपातळी काढायला यंत्र लागते का?

मुरूमपारखी
नाही. 12-15 मीटर पारदर्शक नळी, दोन सरळ काठ्या आणि बादलीभर पाणी आणा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. जिथं दोन्ही टोकांचं पाणी काठ्यांवर सारख्या उंचीला येईल तिथं खुणेसाठी चुन्याची फक्की टाकत चला. सुरुवात टेकडीच्या माथ्यावरून करा.