माथेरान: शार्लोट लेकच्या आसपास जंगलवाटांवर ट्रेनिंग रन, कोणी केलंय का?

डांबरी_धावपटू: नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीत रस्त्यावर पळणारा, हाफ मॅरेथॉन झाल्यात, पण आता डिसेंबरात सह्याद्रीतली एक ट्रेल रेस धरलीय आणि डोंगरात पळायची सवय शून्य. दिवाळीनंतर मावशीच्या ओळखीने माथेरानला आठवडाभर राहायला मिळतंय, तर रोज सकाळी शार्लोट लेकपर्यंत जायचं आणि पुढे लुईझा, एको पॉइंटकडे ज्या वाटा झाडीत शिरतात त्या एकेक करून बघायच्या असा विचार आहे. नकाशा उघडला की नुसते फाटेच फाटे. एकटा असणार. हरवायची भीती कितपत? पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं, किती धरू? आणि लेकवर बाटली भरता येते का?

नेरळची_ताई: अरे दादा, माथेरानात हरवणं तसं अवघडच, वर पठार आणि भोवती कडा, त्यामुळे रुंद लाल वाट धरलीस की एकतर कुठल्यातरी पॉइंटला पोचशील नायतर फिरून बाजारात. भीती आहे ती वेगळ्या वाटांची. कड्याच्या कडेने बारीक पायवाटा खाली सुटतात, त्या खालच्या वाड्यांमधल्या लोकांच्या येण्याजाण्याच्या, ते डोक्यावर ओझं घेऊन बिनधास्त चढतात म्हणून आपल्यालाही सोप्या वाटतात, आणि थोडं खाली गेलं की घसारा नायतर सरळ कातळ. वन ट्री हिलखालची शिवाजी लॅडर त्यातलीच. आम्ही एकच बघतो, घोड्याची लीद दिसतेय तोवर चालू दे, लीद संपली आणि वाट सलग उतरायला लागली की मागे फिर. दिवाळीनंतर गवत कमरेएवढं असतं, कडा कुठे संपतो ते कळत नाय.

मिनिटावाला: पेस विसरा. दाट झाडीत घड्याळाचा जीपीएस वाट्टेल ते दाखवतो, त्यापेक्षा पाऊण तास, एक तास असं वेळेवर पळा आणि निम्मा वेळ झाला की परत. जांभ्यावर बारीक लाल खडी असते ना, उतारावर ती म्हणजे फरशीवर सांडलेले साबुदाणे, रोडचे शूज असतील तर पावलं छोटी टाका. पाचोळ्याखाली मुळं असतात त्यामुळे बघायचं खाली, सीनरी थांबून बघा. आणि एक, वर पठारावर नुसते छोटे चढउतार मिळतील, रेससाठी खरा चढ हवा तर नेरळहून गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाटरस्ता चढा, नेरळ जवळजवळ समुद्रसपाटीला आणि माथेरान साधारण 800 मीटरवर, पायांना कळतं. पण शनिवार-रविवारी नको, टॅक्सीवाले वळणावर अंगावर येतात.

डांबरी_धावपटू: घाटाऐवजी मिनी ट्रेनच्या रुळांच्या कडेने चढलो तर? व्हिडिओत बरेच जण जाताना दिसतात.

मिनिटावाला: नको. 1907 ची नॅरोगेज लाइन आहे ती, शोभेची नाय, गाड्या धावतात. काही वळणांवर एका बाजूला डोंगर दुसरीकडे दरी, बाजूला व्हायला जागाच नसते.

रानवेडी: लेकच्या पाण्याबद्दल कोणीच बोललं नाय. शार्लोट लेक म्हणजे माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा साठा, त्यामुळे पळून आलो म्हणून पाय बुडवणं, तोंड धुणं बिलकुल नको, आणि बाटलीत पण भरू नका, ते पाणी शुद्ध केल्यावर पिण्याचं. मुक्कामावरूनच भरून निघा कारण पॉइंटवरच्या सरबताच्या टपऱ्या पहाटे बंद असतात. माकडांना पाऊचचा आवाज बरोबर कळतो, ताकदीसाठी खायचं एनर्जी जेल वगैरे हातात धरून पळू नका, कमरेच्या पट्ट्यात आत ठेवा. घोडा दिसला की पळणं बंद, चालत जायचं, मागून धावत आलात तर बिचकतो आणि वर लहान मूल बसलेलं असतं. बाकी वर मोटारगाड्या नसल्यामुळे पळायला सुख आहे हो, लेकजवळ पिसारनाथाच्या देवळाकडे सकाळी लवकर गेलात तर शेकरू दिसायचा चान्स, फक्त कानात हेडफोन घालू नका.

डांबरी_धावपटू: भारी माहिती, धन्यवाद ताई आणि सगळ्यांना. संध्याकाळी पण थोडं पळलं तर चालेल का?

नेरळची_ताई: बाजाराच्या आसपास पळ खुशाल. पण झाडीत बाहेरच्यापेक्षा लवकर काळोख पडतो, हेडटॉर्च असली तरी कड्याकडच्या वाटा नकोच. आणि झुडपांना धरून उतरू नकोस, चापडा (हिरवा विषारी साप) फांदीवर पानासारखाच दिसतो. मुक्कामी कुठल्या बाजूला चाललास ते सांगून निघ, नेटवर्कचा भरवसा नाय.