सीमेपार प्रदूषण: भरपाई कोणत्या कायद्याने?

प्रश्न: कारखाना एका देशात, नदीतून गेलेलं विष शेजारच्या देशात. दोन्ही युरोपीय संघातले. २००४ च्या पर्यावरण दायित्व निर्देशामुळे (पर्यावरणाच्या हानीची जबाबदारी ठरवणारा संघाचा नियम) कायदा एकसारखा झाला ना? मच्छीमारांनी दावा कुठे लावायचा?

उत्तर १: त्या निर्देशावर विसंबू नका. कलम ३(३) नुसार खासगी व्यक्तींना त्यातून भरपाई मिळत नाही. नदी पूर्ववत करून घेणं हे सरकारी यंत्रणेचं काम. शिवाय तो एकसारखाही नाही. 'परवान्याप्रमाणेच वागलो' हा बचाव द्यायचा की नाही, हे कलम ८(४) ने प्रत्येक देशावर सोडलंय. आर्थिक हमीसुद्धा सक्तीची नाही, त्यामुळे कंपनी दिवाळखोरीत गेली की खर्च जनतेच्या माथी.

उत्तर २: दावा दोन्हीकडे लावता येतो: जिथून विष सुटलं तिथे किंवा नुकसान झालं तिथे. ऱ्हाइन नदीत सोडलेल्या क्षारांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयात १९७६ साली हेच ठरलं. कोणत्या देशाचा कायदा लागू, ते ठरवायला रोम-२ या युरोपीय नियमावलीचं कलम ७: मूळ नियम नुकसानीच्या जागेचा कायदा, पण पीडिताला त्याऐवजी जिथून विष सुटलं तिथला कायदा निवडता येतो. ही निवड कधीपर्यंत करायची ते त्या न्यायालयाचा कायदा ठरवतो. मुदत आधीच तपासा, नाहीतर हक्क हातचा जातो.

उत्तर ३: पर्यावरणाच्या हानीच्या भरपाईसाठी सर्वंकष करार झाला होता, १९९३ चा लुगानो करार, तो अमलातच आला नाही. टँकरमधल्या तेलाचं मात्र जमलं, कारण तिथे जहाजमालकाची दोषनिरपेक्ष (चूक सिद्ध न करताही येणारी) जबाबदारी, तिची मर्यादा, सक्तीचा विमा आणि वर भरपाई निधी हे सगळं एकत्र बांधलंय. नद्यांसाठीही तेच हवं.