पावसाचा आवाज आला की शरीर आखडते. आनापान-ध्यानात माझे काय चुकते आहे?

प्रश्न (कारेलीबाग, वडोदरा):
ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या घरात रात्रीतून कमरेएवढे पाणी शिरले. घर केव्हाच सावरले. परंतु रात्री पावसाचा जोर वाढला की अजूनही माझा जबडा घट्ट मिटतो, खांदे वर ओढले जातात आणि श्वास छातीतच अडकतो. हृदयाच्या तपासणीत दोष आढळलेला नाही. महिनाभर मी रोज आनापान-ध्यानाला, म्हणजे श्वासाकडे लक्ष देत, बसते आहे. मात्र ‘सैल हो’ असे शरीराला जितके बजावते, तितके ते अधिकच ताठरते.

उत्तर १ (दांडिया बाजार):
ताई, आपण थेट चौथ्या पायरीवर पाय ठेवता आहात, असे मला वाटते. आनापानसति सुत्तात, म्हणजे श्वासावरील ध्यानाविषयीच्या बुद्धांच्या पाली उपदेशात, सोळा पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांत श्वास दीर्घ असेल तर दीर्घ आणि आखूड असेल तर आखूड, एवढेच जाणायचे असते. तिसरीत सर्व काया अनुभवायची, आणि कायसंस्कार, म्हणजे श्वासोच्छ्वासाशी जोडलेली शरीराची हालचाल, शांत करण्याची गोष्ट त्यानंतर, चौथीत येते. पाली क्रियापदेही हाच क्रम दाखवतात: आधी ‘पजानाति’, म्हणजे जाणतो, आणि तिसऱ्या पायरीपासून ‘सिक्खति’, म्हणजे शिकतो. तेव्हा जबडा सोडवू नका. दात एकमेकांवर टेकले आहेत का, जीभ टाळूला चिकटली आहे का, हे फक्त पाहा. असे पाहताना उच्छ्वास पुष्कळदा आपणहून लांबतो, आणि उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती किंचित मंदावणे हा तर शरीराचा स्वभावच आहे. हा सराव कोरड्या, निवांत सकाळी करावा. पावसाच्या रात्री तो नव्याने शिकता येत नाही.

उत्तर २ (मांजलपूर):
वरील उत्तर मला मान्य आहे, तरी एक काळजी वाटते. भीती ऐन भरात असताना डोळे मिटून बसल्याने ती कित्येकांची वाढते. भयभेरव सुत्तात बुद्ध आपल्या बोधिपूर्व काळातील अरण्यवासाविषयी सांगतात: रात्री एखादे जनावर जवळ येई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी आणि भय दाटून येई; चालत असताना भय आले, तर ते निवळेपर्यंत बुद्ध चालतच राहत, थांबत किंवा बसत नसत. आपणही पावसात दिवा लावून, डोळे उघडे ठेवून घरातच सावकाश चालावे आणि तळव्याला लागणारी फरशी जाणावी. झोप रोज मोडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे, आणि त्यांच्या सल्ल्यावाचून दहा दिवसांच्या मौन शिबिराला तूर्त जाऊ नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
आपणा दोघांची आभारी आहे. काल रात्री सरी आल्या, तेव्हा स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालत राहिले. खांदे उतरले नाहीत; परंतु डाव्या पायाची बोटेही मी आवळून धरते, हे प्रथमच लक्षात आले. चालताना श्वासाकडे लक्ष द्यावे, की केवळ पावलांकडे?

उत्तर २ (मांजलपूर):
सध्या केवळ पावलांकडे द्यावे. श्वास सकाळच्या बैठकीसाठी राहू द्या.